चिवड्याचं तिकीट

१२ नोव्हेंबर, मुलचेरा
धान कापून झालं. सासरीच आहोत. लेकीचे, समूचे दोन्ही गिनीपिग, चिवडा आणि भेळ, पेटीसकट सोबत आणलेत. गडचांदूरला घरी त्यांना कोण बघणार? हे आणि दीर शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, उंदरांची बिळं खणताहेत, दरवर्षीसारखे. बिळाच्या एका तोंडाशी धूर, दुसऱ्याशी हे बसलेले. उंदीर बाहेर आला की मागचा पाय धरायचा नि आपटायचा. समूला घरातच ठेवली.

१५ नोव्हेंबर, गडचांदूर
आजपासून वहीत ‘हे’ लिहिणार नाही. तो.
भाजीत मीठ कमी पडलं म्हणून माझा ओठ फोडला. समू मधे आली, तिचे केस धरले. ती त्याच्या हाताला चावली. मग त्याने पेटी उघडली, भेळला मागच्या पायाने धरून ओट्यावर आपटलं. धुऱ्यावर आपटतो तसंच. हात धुतले आणि जेवायला बसला.

१६ नोव्हें.
भेळला पेरूखाली पुरलं. समू एक शब्द बोलत नाही. चिवडा शिट्ट्या मारून भेळला शोधतोय.
जायचंच. रेल्वे नको. मागच्या वेळी दिराने मला बल्लारशाच्या फलाटावरून फरफटत परत आणली होती. विमानतळात तिकिटाशिवाय कुणाला सोडत नाहीत. पुण्याच्या ताईने दोन तिकिटं काढली. विमानवाल्यांना फोन केला, लहान पाळीव प्राणी चालतो का? चालतो म्हणे, पेटीत मावला पाहिजे. कुठला ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

१९ नोव्हें., सकाळी, गाडीत
तो ड्यूटीवरून लवकर आला. बॅग पाहिली, मोबाइलवर तिकीट पाहिलं, माझा गळा धरला. वरवंटा हाताशी होता. मारला. खाली पडल्यावर आणखी एकदा मारला. त्याची गरज नव्हती. बरं वाटलं. शिव्या देत होता, म्हणजे जिवंत आहे.
शेजारच्या शोभाबाईंनी गाडी करून दिली. म्हणाल्या, “जाय तू. मांगं पाहू नको.”

दुपारी, नागपूर विमानतळ
काउंटरवरची मुलगी म्हणते, कुत्रा-मांजर चालतं, हे नाही. उंदराच्या जातीचं तर नाहीच. वेळ आहे, बाहेर कुणाकडे तरी देऊन या.
बाहेर तो आहे. काचेतून दिसतोय, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला. शेजारी दीर.
समूला सांगावंच लागलं. भेळ गेल्यापासून आज पहिल्यांदा बोलली.
“आई, चिवड्याले बाहेर नको देऊ. मी जातो बाबासंग. तू त्याले घेऊन जाय.”
तिला कसं समजवू, चिवड्याला तिच्या तिकिटावर नेता येत नाही म्हणून. दोघांपैकी कुणालाच बाहेर द्यायचं नाही.
विमानाचं नाव पुकारताहेत. पेटी मांडीवर आहे. समूचं मनगट मी धरलंय, ती म्हणते, आई, दुखून राह्यलं.