चार खणांची एक तुळई

९ फेब्रुवारी २०२५, कामतघर

दादा, दिवाळीपासून मागच्या आठवड्यापर्यंत मी तुझ्याशी बोलले नाही, भाऊबीजेचं ताटही वहिनीच्या हाती पाठवलं, त्याबद्दल आधी माफ कर. हा कागद मृत्युपत्राचा आहे. त्यात माफी कुठे घालायची ते वकिलांनी सांगितलं नाही, म्हणून सर्वांत वर घातली.

मी, विनिता लडकू तरे, वय ४६, अविवाहित, माध्यमिक शाळेत विज्ञानाची शिक्षिका, राहणार कामतघर गावठाण, भिवंडी, जिल्हा ठाणे, हे माझ्या हाताने लिहीत आहे. पुढच्या महिन्यात माझी शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर ती साधी म्हणतात आणि माझा त्यांच्यावर विश्वास आहे. डोकं ठिकाणावर आहे, मला कोणी लिहायला बसवलेलं नाही. भीती थोडी आहे. पण भीतीने समज जात नाही, असं मी धरून चालते.

१. यापूर्वी वकिलांकडून करून घेतलेलं मृत्युपत्र मी रद्द करते. घरातला माझा हिस्सा एका संस्थेला जावा आणि भावाचा त्याला हात लागू नये, अशी त्यात तजवीज होती. कायद्याने त्यात काही चूक नव्हती. पण ते मी रागाने केलं होतं आणि तेव्हा त्याला तत्त्व म्हणत होते.

२. घर. चार खणांचं आहे, म्हणजे खांबांच्या ओळींमधले चार गाळे. दगडी जोतं, तळखड्यांवर, म्हणजे पायाच्या दगडांवर, सागाचे खांब, खांबांवर आडवी तुळई, वर आढं, वासे, कौलं. सांध्यात खिळा नाही; लाकडात लाकूड बसवून लाकडाचीच खुंटी मारलेली. भिंती म्हणजे कारवीच्या काठ्यांचे कूड, दोन्ही अंगांनी शेणमातीने लिंपलेले.

आमच्या वडिलांनी हयातीतच वाटणी केली. पूर्वेचे दोन खण थोरल्या धनेशला, पश्चिमेचे दोन मला, मध्ये कूड. मुलीला बरोबरीचा वाटा दिला म्हणून जाईआत्या भर अंगणात म्हणाली होती, "पोरीला चोलीचा खन देतान, घराचा न्हाय." वडील हसले आणि मोजपट्टी धरायला मलाच बोलावलं. मोजताना एक गोष्ट मात्र आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आली नाही. मधली तुळई चारही खणांवरून अखंड जाते. आम्ही खाली जमीन वाटली. वर वाटणी झालीच नव्हती.

दिवाळीत दादाने ठरवलं, आपले दोन खण पाडून स्लॅब टाकायचा. खाली कापडाचे लूम, वर खोल्या. त्याची गरज खोटी नव्हती. भाविका, त्याची मुलगी, सिव्हिलचा डिप्लोमा करते आणि तिला अभ्यासाला कोपरा नाही. कंत्राटदाराने तुळईवर लाल खडूने रेघ मारली, इथून कापायची म्हणून. माझ्याकडचं छप्पर खाली बसेल, असं मी सांगितलं. दादाला वाटलं, मी काम अडवायला बहाणा करते. "तुजे दोन खन तुजे, माजे दोन माजे," एवढंच म्हणाला. मी अबोला धरला.

३. मागच्या आठवड्यात कामगारांनी त्याच्या बाजूचे कूड पाडले, मधलाही. भिंती गेल्या की छप्पर आपोआप खाली येईल, मग तुळई कापणं सोपं, असं कंत्राटदाराचं गणित होतं. त्याने सगळ्यांना अंगणात नेऊन उभं केलं. भिंती गेल्या. एक कौल हललं नाही. मी गेले नाही, माझ्या स्वयंपाकघरात पोहे परतत होते. धूळ बसली तेव्हा समोर दादा होता, वर बघत.

"बाय, भिती गेल्या तरी उभंच हाय हे."

"ते भिंतींवर कधी उभं नव्हतंच, दादा."

तो तुळईखालून बोट वर धरून चालत निघाला, त्याच्या टोकापासून माझ्या टोकापर्यंत. वाटणीनंतर माझ्या खणात तो पहिल्यांदाच आला. शेवटच्या खांबाला हात लावून म्हणाला, "यकच हाय ही." पोहे उभ्यानेच खाल्ले, मीठ कमी असल्याचंही सांगितलं. कंत्राटदाराने विचारलं, कधी कापायची. दादा म्हणाला, "कापाची न्हाय." राहीवहिनीचं म्हणणं असं की बायको वर्षभर सांगते ते ह्यांच्या कानात शिरत नाही, लाकडाचं लगेच शिरतं.

आता लूम नारपोलीत भाड्याच्या गाळ्यात जातील. भाविकाच्या खोलीसाठी दादाच्या खणांवर फळ्यांचा माळा होईल. खांब ते वजन पेलतील का, हे तिने आपल्या सरांना आणून तपासून घेतलं आहे.

४. म्हणून माझे दोन खण, जोतं, खांब आणि तुळईवरचा माझा हक्क मी भाऊ धनेश यांस देते. ते नसल्यास भाविकास. इथे मी अटी लिहिल्या होत्या: विकू नये, कापू नये, कुडाला सिमेंट लावू नये. परत वाचल्या आणि खोडल्या. तुळई राखायचं त्याने स्वतः ठरवलं. अट घातली तर ते माझं ठरवणं होईल. उद्या त्याचं मन बदलणार नाही का? बदलेलही. तेवढी जोखीम मी घेते.

५. भविष्य निर्वाह निधी आणि बँकेतली शिल्लक भाविकाला. त्यातून दरवर्षी पावसाआधी कौलांची शाकारणी व्हावी, ही विनंती. हीसुद्धा अट नाही.

६. सूक्ष्मदर्शक आणि पुस्तकं शाळेला. स्कूटर राहीवहिनीला. तिला चालवता येत नाही. तिने शिकावं, यासाठीच देते.

७. जाईआत्याला माझ्या कपाटातला तिच्या आवडीचा एक खण द्यावा, चोळीचा. हा सूड नाही. थोडासा आहे.

८. व्यवस्थापक म्हणून माझे सहकारी कुणाल गायकवाड यांना नेमते. त्यांना विचारलं आहे. ते म्हणाले, "मॅडम, हे काम मला निदान तीस वर्षं तरी लावू नका." मीही त्याच मताची आहे.

वरचं सगळं मी पुन्हा वाचलं. खोडलेल्या ओळींपाशी छोटी सही केली आहे.

विनिता लडकू तरे

आम्हा दोघांसमोर विनिताताईंनी हा कागद मोठ्याने वाचला आणि सही केली. मग त्यांच्यासमोर आम्ही केली. आम्हाला यातून काही मिळायचं नाही.
रामदास भोईर, शेजारी
बायजाबाई पाटील, शेजारी

ठिकाण: कामतघर, भिवंडी
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५

उद्या: कारवी बांधायला काथ्या आणणे. मधल्या कुडात दार ठेवायचं ठरलं आहे, त्यामुळे थोडा कमी लागेल.