दीड अंशाचा संशय

९ नोव्हेंबर २०२५, रविवार. सकाळी ७
उद्यापासून ब्राझीलमध्ये जागतिक हवामान परिषद. जवळजवळ दोनशे देश. दहा वर्षांपूर्वी पॅरिसला करार झाला, तो अमलात कसा आणायचा हे अजून ठरतंय. दहा वर्षं नुसतं 'कसा'. माझा पहिल्या दिवसापासून संशय आहे.

आमची हर्षाली तिथे पोहोचली. पुण्याच्या एका पर्यावरण संस्थेत नोकरीला आहे, त्यांनी निरीक्षक म्हणून पाठवलं. निरीक्षकाने बोलायचं नसतं म्हणे, फक्त बसायचं. हरकत नाही. तिचा बाप एकतीस वर्षं अंबडच्या कारखान्यात फायनल इन्स्पेक्शनला होता. माझ्या टेबलावरून खोटा बोल्ट पुढे गेला नाही. (अठ्ठ्याण्णव सालचा तो लॉट माझा नव्हता.) तिने बसावं, मी बघतो.

गॅलरीत निरीक्षण कक्ष उघडला. टेबल, लॅपटॉप, जगाचा नकाशा. रोज हर्षालीला सूचना पाठवायच्या. स्वतःचं उत्सर्जनही कमी करायचं: गीझर बंद, स्कूटर बंद. २३ तारखेला ज्येष्ठ नागरिक संघात माझं व्याख्यान. विषय मीच दिला: 'हवामान करार: आतली बातमी'.

१० नोव्हेंबर, सोमवार
परिषद सुरू. अजेंडा पहिल्याच दिवशी बिनविरोध मंजूर. आमच्या सोसायटीत अजेंडा मंजूर व्हायला दोन मीटिंगा लागतात. इतकी एकी? संशयास्पद.

गीझर मी बंदच ठेवला होता. बायकोने, कुंदाने, चालू केला. तापलेलं पाणी वाया घालवणं हे जास्त उत्सर्जन, म्हणून नाइलाजाने त्याच पाण्याने आंघोळ. भाजीला चालत गेलो. येताना रिक्षा. ती रिक्षा तशीही आमच्या इंदिरानगरकडेच येत होती.

१२ नोव्हेंबर, बुधवार
मसुदे वाचतोय. ज्या शब्दावर एकमत नाही तो चौकोनी कंसात टाकतात. एक पान मोजलं. कंसाबाहेर फक्त 'आणि' उरला होता.

हर्षालीला अकरा सूचना. मुख्य सूचना: अंमलबजावणीचा वेग वाढवा, असं ठणकावून सांग. तिचं उत्तर: 'बाबा, मी मागच्या रांगेत बसते. डोकं दुखतंय, झोपते.' हे मुत्सद्दी उत्तर आहे. तिच्या शेजारी कोणीतरी बसलेलं असणार.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
कालपासून हर्षाली शब्दाने उत्तर देत नाही. नुसता अंगठा. सव्वीस सूचना, सव्वीस अंगठे. एकही हरकत नाही! म्हणजे मुद्दे पोहोचताहेत. परिषदेतही बहुधा अशीच संमती देत असतील.

पण एक गोष्ट खटकते. चैताली म्हणून हर्षालीची सहकारी आहे, तिथे दोघी एका खोलीत राहतात. ती आमच्या कुंदाला फोन करते. मला नाही, कुंदाला! कुंदाला मसुद्यातलं काय कळतं?

१५ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी ६
कुंदा स्वयंपाकघराचं दार लोटून फोनवर. मी पाण्याच्या निमित्ताने गेलो. कानावर आलं ते शब्दशः: "दीडने तरी उतरलं ना? मग आता परत चढायला नको गं बाई."

मला पाहून म्हणाली, दीपक होता. दीपक तिचा भाऊ, दिंडोरीला द्राक्षबाग. दीपकला 'गं बाई'?

आणि दीड! अख्ख्या पॅरिस कराराचा जीव त्या दीडमध्ये. पृथ्वीचं तापमान दीड अंशाच्या वर जाऊ द्यायचं नाही, एवढ्यासाठी दोनशे देश भांडताहेत. आणि आतला आकडा माझ्या स्वयंपाकघरात येतो, मला वगळून. हर्षालीने गुप्त मसुदा आईला दिला. का? मी जाहीर करीन या भीतीने. भीती रास्त आहे, पण पद्धत चुकीची.

१६ नोव्हेंबर, रविवार
पाळत ठेवली. संध्याकाळी सातला फोन. कुंदा: "सकाळी लाख होते, आता सत्तर हजार? आणखी किती खाली जाणार?" पेपरात लिहिलंय की परिषदेला छप्पन्न हजारांच्या आसपास लोक आहेत. मग हे लाख आणि सत्तर हजार कुठून आले? उपस्थितीचा आकडा दाबताहेत. एका दिवसात तीस हजार लोक निघून गेले तर ती परिषद कसली?

जेवताना सहज विचारलं, आकडे काय म्हणताहेत. कुंदाच्या हातातलं भांडं खाली पडलं. पकडलं मी! 'कुठले आकडे' म्हणाली आणि उठून गेली. ताटात अर्धी पोळी तशीच.

१७ नोव्हेंबर, सोमवार
सकाळी दीपक दिंडोरीहून आला. फवारणीचे दिवस, बाग सोडून तो कधी येत नाही. यंदा पाऊस लांबला, निम्मे घड गेलेत, उरलेल्यांना हा जपतोय. तरी बहिणीजवळ दुपारपर्यंत बसून होता. मी परिषदेपुढे आलेले, हवामान बदलाला तोंड देण्याचे शंभर निकष समजावले. तो फोनच्या पडद्याकडे बघत होता.

निघताना माझे हात धरले. "दाजी, तुमी काळजी करू नका. समदं नीट होईल. पोरगी लय खंबीर हाय."

खंबीर आहेच. माझं ट्रेनिंग. पण याला कोणी सांगितलं? द्राक्षवाल्यांनी हर्षालीमार्फत परस्पर काही मागणी घुसवली असावी. नोंद केली.

संध्याकाळी कुंदाच्या डोळ्यांत पाणी. विचारलं तर म्हणाली, चिरतेय ना. भेंडी चिरत होती. भेंडीने डोळ्यांत पाणी येतं हे मला नवीन.

१९ नोव्हेंबर, बुधवार
वातावरण बदललं. सकाळी फोन ठेवल्यावर कुंदाने आधी देवापुढे दिवा लावला. मग शिरा केला. म्हणाली, "उतरलं. आणि टिकलंय."

मी काही न विचारता शिरा खाल्ला. मला कळलं होतं. दीड अंश वाचला! अधिकृत घोषणेआधी!

गीझर आज पूर्ण दिवस बंद. (लाइट गेली होती.)

जॉगिंग ट्रॅकवर तळमजल्यावरच्या सुलाबाई भेटल्या. राहवलं नाही. म्हटलं, खाली आलं, टिकलंय. सुलाबाईंनी चपला काढून आकाशाकडे हात जोडले. म्हणाल्या, देवानेच केलं, मी चार दिवस जप करत होते. त्यांना पर्यावरणाची इतकी आच असेल असं वाटलं नव्हतं. पण त्यांना आतली बातमी कोणी दिली?

२१ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळी ६.३०
काल परिषदेच्या मंडपात आग लागली! सगळ्यांना बाहेर काढलं. पेपरवाले म्हणतात आग लवकर विझली.

हर्षालीला सात वेळा फोन. उचलला नाही. आठव्यांदा चुकून स्वतःचाच नंबर लावला. बीपीची गोळी राहिली असावी. कुंदा शांतपणे म्हणाली, ती मंडपात नव्हती, खोलीवर आहे, झोपलीय.

ऐन शेवटच्या आठवड्यात निरीक्षक खोलीवर? आगीची आगाऊ सूचना? हा धागा नंतर तपासायचा.

२२ नोव्हेंबर, शनिवार
परिषद संपली. एक दिवस उशिरा. निकाल वाचला.

कोळसा, तेल, गॅस कसे सोडायचे याचा आराखडा मुख्य निर्णयात नाही. ते शब्दच नाहीत. शोधायचं बटण दाबून तीनदा तपासलं. शंभर निकषांतून एकोणसाठ पास. एक्केचाळीस रिजेक्ट! आमच्या कारखान्यात एक्केचाळीस टक्के माल रिजेक्ट झाला असता तर साहेबाने सुपरवायझरला गेटबाहेर काढला असता.

पण एक 'अ‍ॅक्सिलरेटर' मंजूर झालाय. अंमलबजावणीचा वेग वाढवणारा! बारा तारखेची माझी सूचना, जशीच्या तशी. हर्षालीने पोहोचवलीच. मागच्या रांगेतून, न बोलता. उद्याच्या व्याख्यानात हे सांगायचं. विनयाने.

२३ नोव्हेंबर, रविवार. रात्री ८
व्याख्यान झालं. हजर चौतीस.

नोंद करायची नव्हती, पण करतो.

सुरुवात उत्तम. मी म्हणालो, माझी मुलगी पंधरवडाभर त्या दालनात दिवसरात्र होती आणि तिच्यामार्फत मी. टाळ्या कमी पडल्या. लोक एकमेकांकडे बघत होते. मला वाटलं, भारावलेत.

प्रश्नोत्तरांत सुलाबाई उठल्या. "भाऊ, ते जगाचं राहू द्या. हर्षालीच्या प्लेटलेट आता किती आहेत? दवाखान्यातून सोडलं म्हणे, पण ताप परत नाही ना आला?"

मी विचारलं, कुठला ताप.

अध्यक्षांनी चहा जाहीर केला.

२४ नोव्हेंबर, सोमवार
कुंदाशी बोललो. म्हणजे ती बोलली.

डेंग्यू. तेराला ताप एकशे तीन. चौदाला चैतालीने दवाखान्यात नेलं. पंधराला ताप दीडने उतरला, परत चढला. प्लेटलेट लाखावरून सत्तर हजार, मग पन्नास. सलाईन. एकोणीसला आकडा वर यायला लागला, वीसला सोडलं. तोपर्यंत चैताली आळीपाळीने परिषद आणि दवाखाना करत होती. अंगठे तिचे होते. हर्षालीचा फोन तिच्याकडे होता.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं? बीपीमुळे?

कुंदा म्हणाली, "तिनेच सांगू नको म्हणून सांगितलं. म्हणाली, बाबा मला प्रश्न विचारत बसतील, आणि आई, आत्ता माझ्यात उत्तरं द्यायची ताकद नाही."

मी म्हटलं, सांगितलं असतं तर मी काहीतरी केलं असतं. कुंदा म्हणाली, काय केलं असतं?

गॅलरीत बसून विचार केला. दवाखान्याला मेल लिहिली असती. पॅथॉलॉजीचं मशीन कधी तपासलं होतं ते विचारलं असतं. विमान कंपनीला, वकिलातीला, तिच्या संस्थेला. चैतालीला रोज दहा फोन. हे सगळं मी कागदावर लिहिलं. यातल्या एकाही गोष्टीने ताप उतरला नसता. कागद कुंदाला दाखवला नाही.

फोन उघडून बघितलं. चौदा ते एकोणीस या काळात मी एकशे बारा सूचना पाठवल्या. सतराला प्लेटलेट पन्नास हजार होत्या. त्या दिवशीची सूचना: 'परिच्छेद क्र. ३५ मधील स्वल्पविरामाकडे तुझे दुर्लक्ष झालेले दिसते.'

२७ नोव्हेंबर, गुरुवार
हर्षाली आली. दीपक मुंबईला गाडी घेऊन गेला होता, मी शेजारी बसून. विमानतळावर आधी ओळखलीच नाही. गालफडं बसलीत. हातावर सुयांचे निळे डाग. मी ठरवलं होतं, प्रश्न विचारायचा नाही. घोटीपर्यंत, म्हणजे घर तासाभरावर येईपर्यंत, एकही विचारला नाही. घोटीला फक्त एवढंच विचारलं की तिथे रक्त एकाच लॅबमध्ये तपासलं की दोन. दीपक म्हणाला, "दाजी, पुढं बघा."

२९ नोव्हेंबर, शनिवार. दुपारी ३
हर्षालीने आज मऊ भात आणि मेतकूट खाल्लं. गॅलरीत उन्हाला आली. नकाशा काढून टेबल भिंतीला लावलंय, तिथे तिची आरामखुर्ची टाकली.

तिनेच विचारलं, "बाबा, शेवटी काय ठरलं हो तिकडे? मला काहीच माहीत नाही. मी तीनच दिवस होते आत."

दहा वर्षांत पहिल्यांदा घरात कोणी मला हे विचारलं. माझ्याकडे साठ पानांच्या नोंदी. मी घसा खाकरला. अ‍ॅक्सिलरेटरचं सांगावं असं वाटलं, नाही सांगितलं. म्हटलं, महत्त्वाचं बरंच पुढच्या वर्षावर ढकललं. पुढची परिषद तुर्कस्तानात.

"म्हणजे परत जायचं," असं म्हणाली आणि डोळे मिटले.

मी निकषांवर आलो. एकोणसाठातले पहिले तीन नीट समजावले. चौथ्याला लक्षात आलं, तिला झोप लागलीय. किती वेळ लागली होती कोण जाणे. थंडी वाजेल म्हणून आतून गोधडी आणून हळूच घातली. कडा सरळ केल्या. पाय झाकले. दोन पावलं मागे जाऊन पाहिलं. व्यवस्थित.

कुंदा दारात येऊन बघत होती. हळू आवाजात म्हणाली, "उलटी घातलीय."