वाणाच्या चाळीस बरण्या

पुणे, ९ नोव्हेंबर २०२५

ती. पार्वतीआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर बोलायला गेलं की स्वप्निलदादा शेजारीच असतो, म्हणून हे पत्र. कळमनुरीच्या बाजारात दुसऱ्या एका व्यापाऱ्याची हळद हुबेहूब आपल्या बरणीत विकताना त्याने पाहिली. हळकुंडासारखी वाकडी, पेरापेरांची ती बरणी दादा दोन वर्षं कागदावर घासत होता. आता पिठाची गिरणी बंद करून त्याने सगळा पैसा तिच्यावरच लावलाय. आकाराच्या नोंदणीचं प्रमाणपत्रही मिळालंय. आमच्या ऑफिसातून त्या व्यापाऱ्याला नोटीस जावी, असा त्याचा हट्ट आहे.

वकीलसाहेबांनी एकच विचारलं. अर्ज वीस फेब्रुवारीला केला, त्याआधी ती बरणी बाहेरच्या कुणी पाहिली होती का? आकार आधीच चारचौघांत गेला असेल, तर मिळालेली नोंदणीही रद्द होऊ शकते. दादा छातीठोकपणे नाही म्हणतो. मला तुझ्याकडूनही ऐकायचंय.

गुडघे कसे आहेत? जिना उगाच चढू नकोस, आणि माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी कोमल

कळमनुरी, १५ नोव्हेंबर

चि. कोमलला आत्याचे पोटभर आशीर्वाद.

गुडघ्यांचं सोड, आधी हे ऐक. संक्रांतीचं हळदीकुंकू आपण रथसप्तमीपर्यंत करतो, म्हंजी ते अर्जाच्या आधीच झालं. नमुन्याच्या बरण्या घरात आल्या होत्या आणि स्वप्निल साच्याच्या कामाला गावाला गेला होता. जाताना म्हणला होता, आई, कुणाला दाखवू नको. मला वाटलं, व्यापाऱ्यांना. बायांचं काय? घरची हळद भरून चाळीस बरण्या वाण म्हणून वाटल्या. बायांनी लई कौतुक केलं, फोटो काढले. पोरगं परत आल्यावर नमुने काहून कमी म्हणून विचारलं, तर मीच म्हणाले, फुटले.

त्या बायांत त्याच व्यापाऱ्याची भावजय होती, रीता.

एकेकीकडून बरण्या परत मागवते. बाया माझ्या शब्दाबाहेर न्हाईत. आपण गप राहिलो तर भागंल का, तेवढं कळव. नावं ठेव, पण आत्याला टाकू नको.
पार्वती

पुणे, २१ नोव्हेंबर

ती. आत्यास सा. न.

बरण्या परत येतील, फोटो येणार नाहीत. नोटीस गेली की रीताबाई तोच फोटो पुढे करतील, आणि त्यात हसतमुखाने वाण देणारी तू असशील. दादाने तो त्यांच्या हातून पाहावा, असं मला वाटत नाही. साहेबांना मी खरं सांगितलं. नोटीस जाणार नाही. त्या आकारावरचा आपला हक्क आता टिकत नाही. नवा आकार काढला, तर आधी अर्ज, मग बाकी सगळं.

दादाला तूच सांग. मी सांगितलं तर ती चुगली होईल. रागावलीस तरी दोन ओळी लिही.
कोमल

कळमनुरी, २ डिसेंबर

चि. कोमलला आशीर्वाद.

सांगितलं. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. ताट बाजूला सारलं, भिंतीवरचं प्रमाणपत्र उतरवून कपाटावर पालथं ठेवलं. आठ दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलून राहिला. तसल्या बरण्या आता औंढ्याच्या दुकानांतबी दिसून राहिल्या म्हणतात.

काल मात्र घडी केलेला एक कागद माझ्यापुढं ठेवला. म्हणला, आई, नवा आकार काढलाय, बघ बरं, जमलं का. मी हात पदराखाली घेतले. चष्मा सापडत न्हाई म्हणाले. चष्मा डोळ्यावरच होता, त्यानं पाहिला बी. कागद तसाच घडीचा देवघरात ठेवलाय.

यंदा वाणाला सुईदोरा देणार हाय. आईनं पाहिलेलं चालतं का, तेवढं साहेबांना विचारून लवकर कळव.

तुझ्या उत्तरावर डोळे लावून बसलेली,
आत्या