गव्हाणी अजून रिकामी आहे

मंगळवार पेठ, कोल्हापूर
२७ डिसेंबर

तीर्थस्वरूप आक्कास, धाकट्या सयाजीचा प्रभूमध्ये सलाम.

तुझे गुडघे कसे आहेत? मलकापूरच्या थंडीत दाजींचा खोकला वाढला असेल, त्यांना कोटाची बटणं लावायला सांग. इकडं सगळे बरे. (फोनच केला असता, पण तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी "रेंज न्हाय" एवढं मात्र स्वच्छ ऐकू येतं.) आईच्या मातीनंतर तिची ट्रंक घेऊन निघताना तू दारात म्हणालीस, आई गेली, माहेर संपलं. मी ट्रंक गाडीत चढवून दिली. नाताळाला तू आली नाहीस, म्हणून काय काय झालं ते लिहितो.

यंदा सूनबाईनं, म्हणजे क्रांतीनं, गव्हाणीच्या देखाव्याचा नवा संच मागवला. तिचं काही चुकलं नाही. आपल्या संचातली जुनी मंडळी तुला ठाऊकच आहेत. मातीचा योसेफ फुटला तेव्हापासून दिवाळीच्या किल्ल्यावरचा मावळा ढाल-तलवार घेऊन मरियेशेजारी उभा, पूर्वेच्या तीन ज्ञानी पुरुषांतला एक मागी हरवला त्याच्या जागी लंगोट कसलेला पैलवान, आणि गाईऐवजी म्हैस. (पाळकसाहेब एकदा म्हणाले, बेथलेहेमात म्हैस नव्हती. आई म्हणाली, "तुमी गेलतासा व्हय बघायला?" मग त्यांनी मुकाट्यानं करंजी खाल्ली.) नव्या संचात सगळे गोरेपान, कुणाचं नाक उडालेलं नाही. आणि बाळ गव्हाणीला चिकटवलेलंच.

तिथंच घोटाळा झाला. पहाटेची उपासना करून आलो, गव्हाणीसमोर उभे राहिलो, आणि करायला काही उरलंच नाही. आई असती तर बाळ शोधायचं असतं. दरवर्षी मांडणी उचलताना "खोक्यात दबंल बिचारं" म्हणून ती येशूबाळ वेगळं ठेवायची आणि कुठं ठेवलं ते विसरायची. मग नाताळाच्या सकाळी नव्या कपड्यांत सगळं घर डबे उपसतंय, खाटेखाली शिरतंय, चहा गार होतोय. (एका वर्षी ते बाबांच्या कोटात निघालं. येशूबाळाला खिशात घेऊन बाबा अख्ख्या प्रवचनात झोपले होते.) यंदा आम्ही परक्याच्या घरी आल्यासारखे उभे. शेवटी क्रांतीच म्हणाली, "पप्पा, आजींचं बाळ शोधूया की."

शोधलं. फराळाला आलेले शेजारचे नबीलालचाचासुद्धा टोपी सावरत माळ्यावर चढले. मी खाटेखाली शिरलो तर हाताला आईचा चष्मा लागला. शेवटपर्यंत ती तो शोधत होती. आक्का, मला तिथंच रडू आलं. चर्चमध्ये पाळकसाहेब गुडघे टेका म्हणतात तेव्हा मी सांधे धरल्याचं सांगून बसून राहतो. वर्षातनं एकदा मी गुडघ्यांवर यायचो तो आईच्या विसरभोळेपणामुळं, आणि येशूला शोधायचो तोही तेव्हाच. आम्ही तिला हसायचो. तीच आमची खरी उपासना होती असं आता वाटतं. बाळ काही सापडलं नाही. क्रांतीनं आपण होऊन नवा संच आवरला आणि जुनी मंडळी मांडली. मावळा पहाऱ्याला आहे, गव्हाणी रिकामी आहे.

दाजींना सलाम, नातवंडांना पापा. प्रभू तुम्हा सगळ्यांना नीट ठेवो.

तुझा,
सया

ता.क. आईची ट्रंक तुझ्याकडं आहे. लुगड्यांच्या घड्यांत बाळ आहे का बघ. मिळालं तर कुरिअरनं धाडू नको, स्वतः घेऊन ये.

ता.क. २. ट्रंक उपसू नको, खोटं कशाला बोलू. आज नवा तांदूळ भरायला तुझ्या भावजयीनं पिंप रिकामं केलं, तर तळाशी बाळ होतं. तू आईला घेतलेल्या हिरव्या लुगड्याच्या काठात गुंडाळलेलं. गव्हाणीत अजून कुणी ठेवलेलं नाही, ते तुझ्या हातनं ठेवायचं आहे. मागी पोचतात त्या सहा जानेवारीच्या सणापर्यंत मी मांडणी हलवत नाही. पण आयतं देणार नाही, आल्यावर तुलाही शोधायला लागेल. म्हणून परत लपवून ठेवलंय. माहेर संपलं असतं तर हा उद्योग कुणासाठी केला असता?

ता.क. ३. जरा लवकर ये. कुठं लपवलंय ते मला आठवेना झालंय.