नवी मोटर, तेच गचके

२ नोव्हें.
आज परत तेच. शिरोळला अजितच्या शेताकडेला वीटभट्टीची पडीक जागा आहे, तिथं आम्ही दोघांनी मातीचे उंचवटे घालून ट्रॅक केलाय. त्याची रिमोटची बग्गी वळणातून सुसाट निघते. माझी सुटतानाच तीन गचके खाते. ट्रिगर कितीही हळू दाबा. हरलो, सलग चौथ्यांदा.
अजित हसतोय, "संजू, फौंड्रीत आख्खा दिस क्रेन चालवतोस, हितं काय झालं रं?" क्रेनही रिमोटवरच चालते, म्हणून हा टोमणा.
दोष मोटरचा. जुनी, बिनसेन्सरची ब्रशलेस. हळू फिरताना अडखळणारच. बदलायची. ३० ला कागलची शर्यत.

६ नोव्हें.
सेन्सरवाली घ्यायची, हे पक्कं. पण वेढे किती? साडेतेरा की साडेदहा? वेढे कमी तितकी मोटर जोरात. फोनवर अजित ओरडला, "आरं, भुसभुशीत माती हाय ती! चाकं नुसती जागच्या जागी फिरत्याली. साडेतेरा घे." मुकाट्यानं साडेतेरा मागवली. एरवी तासभर भांडलो असतो. खरं कारण त्याला बोललो नाही. हल्ली जोराची गाडी आवरत नाही मला.
चहाचा कप सुटला हातातून. सुनीता म्हणाली, "डाव्या हातानं कशाला धरताय?" बायकोला काय सांगायचं. असंच, म्हटलं.

१२ नोव्हें.
मोटर आली. काय देखणी हाय! बसवली, ट्रिगर पूर्ण दाबून चाकं हवेत फिरवली. नाद खुळा. आता बघतोच अजितकडं.

१६ नोव्हें.
गचके. नव्या मोटरलाही गचके, च्यायला! सेन्सरची वायर बदलली. अजितनं स्वतःच्या गाडीतला स्पीड कंट्रोलर काढून दिला, तोही लावला. तेच. रिमोट आपटणारच होतो, त्यानं काढून घेतला आणि माझ्याच गाडीच्या दोन फेऱ्या मारल्या. लोण्यासारखी गेली. परत माझ्या हातात दिला. गचके.
तो गाडीकडं बघतच नव्हता. "ह्ये बोट बघ की तुझं."
डाव्या हाताचं बोट ट्रिगरवर आपोआप नाचत होतं. मला पत्ताच नाही.
घरी येऊन सुई टोचून बघितली. बोटाला कळलं नाही. अंगठ्यालाही नाही.

१९ नोव्हें.
लिहू की नको.
पहिली पाळी. वितळलेल्या लोखंडानं भरलेली लॅडल, म्हणजे क्रेनला टांगलेली मोठी बादली, साच्यांवर नेत होतो. वर-खालीचं बटण डाव्या अंगठ्याखाली. उतरवताना दोन गचके. रस उसळून दस्तगीरच्या बुटाजवळ वाळूत पडला. ओतकाम तोच करतो, लॅडलला खेटून उभा असतो. बारा वर्षं झाली आमच्या जोडीला. उडी मारून मागं झाला, वर हसतोय, "क्रेन म्हातारी झाली की रं!"
सुपरवायझर मानेसाहेब पळत आले. काय झालं?
"मोटर अडखळाय लागलीय साहेब."
निघून गेलं तोंडातून. तक्रारवहीत सहीपण केली. मोटर येईपर्यंत ती क्रेन बंद.

२१ नोव्हें.
सुनीताला सांगितलं, ते पण अर्धंच. हाताचं सांगितलं, लॅडलचं नाही. "आज्जच चला दवाखान्यात." जातो म्हटलं, गेलो नाही. डॉक्टरनं लिहून दिलं की क्रेन गेली हातातून. क्रेनशिवाय मला येतं काय? भीती वाटते, लाजही वाटते. जास्त काय वाटतं ते ठरवता येत नाही.

२३ नोव्हें.
अजितला फोन केला, शर्यतीतनं माझं नाव काढ. गाडी सुटून कुणाच्या पायात गेली म्हणजे?
तो म्हणाला, "बरं केलंस." मग थांबून, "आणि क्रेन रं?"
फोन ठेवून दिला. मोठा शहाणा लागून गेलाय.

२६ नोव्हें.
क्रेनला नवी मोटर बसली. मेंटेनन्सवाल्यानं रिकामी चालवून बघितली. एक गचका नाही. कसा असेल?
कँटीनमध्ये दस्तगीरनं सगळ्यांना ऐकवलं, संजूनं येळेवर तक्रार केली म्हणून माझा पाय वाचला. स्वतःच्या डब्यातलं मटण माझ्या ताटात वाढलं.
मानेसाहेब म्हणाले, उद्याची पहिली लॅडल तूच उचल.
दस्तगीर म्हणाला, "संजू असल्यावर म्या डोळं झाकून हुभा ऱ्हातो की."
मी हो म्हणून मान हलवली. हलवायला नको होती.

२७ नोव्हें., सकाळ
सुनीतानं डबा भरून ठेवलाय. मानेसाहेबांचा नंबर दोनदा लावला, वाजायच्या आत कट केला. दोन्ही वेळा उजव्या हातानं. सातला पाळी. दस्तगीर कायम लवकर येतो. आत्तापर्यंत हातमोजे चढवून उभा असेल.