उसना रवंथ

प्रिय गीता,

गेल्या काही दिवसांत मी तुला दोन-चारदा फोन केला आणि दर वेळी शेळ्यांची चौकशी करून ठेवून दिला. तुला नवल वाटलं असेल, अक्काला एकाएकी शेळ्यांचा एवढा उमाळा कुठून आला. शेळ्यांचं नुसतं निमित्त होतं. तुझ्या फोनचा आवाज अख्ख्या ओसरीला ऐकू जातो, बाजूला तुझा भाऊ असतो, भावजय असते, आणि मला जे बोलायचंय ते चारचौघांत बोलण्यासारखं नाही. म्हणून अंबाजोगाईहून हे पत्र पाठवतेय. केजच्या जीपवाल्या नाथाला बजावलंय, तुझ्या हातातच द्यायचं. कुणापुढं वाचू नकोस.

आई फार आजारी आहे. चाललीय म्हण ना. ‘तुझ्या सासूबाई’ असं लिहिणार होते, पण ते नातं तिनंच तोडलं, तेव्हा माझी आई एवढंच लिहिते. दिवाळी झाल्यापासून जुलाब लागलेत, ते थांबतच नाहीत. औषधानं चार दिवस आवरतात आणि पुन्हा सुरू, पहिल्यापेक्षा जोरात. सुरुवातीला ती मला लाजायची, आता लाजायचंही त्राण नाही. तिच्या चोळ्या मी आत घेत घेत शिवणीला कापडच शिल्लक ठेवलं नाही. कडब्याची पेंढी डोक्यावर घेऊन बांधावरून चालणारी बाई ती, तिला मी परवा लेकरासारखी उचलून न्हाणीत नेली आणि माझी कंबरसुद्धा दुखली नाही. त्याचंच मला रडू आलं.

हे कसं झालं ते तुला सांगायला हवं. माझ्या भावाला, तुझ्या हनुमानाला, गेवराईच्या हायवेवर ट्रकनं उडवलं, मग तू गेलीस, मग करायला कुणी नाही म्हणून जनावरं विकली. रिकाम्या गोठ्याकडं बघत आई नुसती बसून राहायची. शेवटी मी तिला इथं घेऊन आले. तिसरा मजला, फरशी, फिनेल, गाळलेलं पाणी. माझे यजमान विठ्ठलराव स्वच्छतेच्या बाबतीत कसे आहेत ते तुला ठाऊक आहे, दाराच्या कडीलासुद्धा साबण लावतील. जन्मभर शेणात हात घातलेल्या बाईला इथं शेणाचा वासही नाही. वर्षभरात तिला लघवीची आग झाली, मग खोकला, मग दाढ. दर वेळी कोपऱ्यावरचा दवाखाना, दर वेळी इंजेक्शन आणि आधीपेक्षा भारी गोळ्या. ती म्हणायची, माझ्या आख्ख्या जन्मात एवढ्या गोळ्या खाल्ल्या न्हाईत. खरंच होतं ते.

आता तिच्यावर रोहिणी मॅडम म्हणून एक डॉक्टर उपचार करतात. वयानं तुझ्याएवढ्याच असतील. त्यांनी मला समोर बसवून सगळं समजावलं. माणसाच्या पोटात म्हणे बारीक जंतूंचं एक गाव असतं, आणि ते गाव असतं म्हणून अन्न पचतं, रोग बाहेर राहतो. हे जंतू आईच्या अंगावरून येतात, मातीतून येतात, ज्यांच्या पंगतीला आपण जेवतो त्यांच्याकडून येतात, दावणीच्या जनावरांकडूनही येतात. एका घरात राहणाऱ्यांची पोटं हळूहळू एकमेकांसारखी होतात. डोंगराकडच्या माकडांचंही तेच सांगितलं त्यांनी. जी माकडं देवाला आलेल्या लोकांची बिस्किटं नि शेंगदाणे खाऊन राहतात, त्यांच्या पोटातलं गाव रानातल्या माकडांसारखं राहत नाही, आपल्यासारखं होत जातं. मी म्हटलं, म्हणजे शहरात येऊन माकडानंही पोट बिघडवून घेतलं. मॅडम हसल्या. पण आईचं सांगताना हसल्या नाहीत. गोळ्यांनी तिच्या पोटातलं गाव उठवलं आणि एकटा गावगुंड मागं राहिला, त्याच्यावर आता गोळी चालेना. वय झालंय, अंगातलं पाणी जातंय, असंच राहिलं तर फार दिवस नाहीत, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

एकच उपाय उरलाय. निरोगी माणसाच्या पोटातलं गाव आणून आईच्या पोटात वसवायचं. कसं, ते मी मॅडमना दोनदा विचारून घेतलं. निरोगी माणसाची शी घ्यायची, तपासायची, पाण्यात कालवून गाळायची आणि नळीनं आईच्या आतड्यात सोडायची. लिहिलं बाई एकदाचं. मोठमोठ्या दवाखान्यांत असं करतात, माणसं उठून बसतात, असं त्या म्हणतात. मला किळस आली नाही असं नाही. पण रोज आईचे कपडे धुणाऱ्या बाईला किळस किती दिवस पुरणार?

मग माणूस शोधायला लागले. माझं स्वतःचं चालत नाही, घशासाठी मी सारख्या गोळ्या खात असते, आणि गोळ्या-इंजेक्शनं घेणाऱ्याचं गावही उठलेलंच. विठ्ठलराव आधी दोन दिवस माझ्याशी बोललेच नाहीत. मग काय वाटलं कोण जाणे, आपणहून तयार झाले आणि तपासणीत नापास झाले. एवढ्या साबणानंतर यांच्याच पोटात नको तो जंतू निघाला. त्यांना तो इतका अपमान वाटला की अजून जेवताना मान वर करत नाहीत. चुलतभाऊ अभिमन्यू आता पंचायत समितीच्या निवडणुकीच्या तयारीत आहे, त्याच्याकडं गेले तर म्हणाला, अक्का, काळजी करू नको, माणूस पाठवतो. जसं काही सभेला माणसं पाठवायचीत. पाठवलाही एक, त्यानं आदल्याच आठवड्यात सर्दीसाठी इंजेक्शन घेतलेलं. बाकीच्यांनी आधी कानाला हात लावले, मग पाठीमागं हसले. आपल्याकडं एखाद्याला खालच्या पातळीवर उतरून बोलायचं तर माणूस काय खायला सांगतो ते तुला माहीतच आहे. तेच मी दारोदार मागत फिरतेय.

हे सगळं आईपासून लपवलं होतं. गेल्या गुरुवारी मॅडमनीच तिला सांगितलं, तिच्या परवानगीशिवाय करता येत नाही म्हणाल्या. मी खाली मान घालून उभी, आता ती कपाळ बडवून घेणार. तर तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हंजे रवंथ द्यायचाय व्हय मला.” मॅडमना काही कळेना. तुला कळेल. तू नवी नवरी होतीस तेव्हा आपल्या तांबड्या बैलानं रवंथ टाकला होता, चघळणं बंद आणि वैरणीला तोंड लावेना. आमच्या अण्णांनी दुसऱ्या बैलाच्या तोंडात हात घालून वर आलेला घास काढला आणि गरम गरम आजाऱ्याच्या घशात कोंबला. तू पदर तोंडाला लावून पळालीस आणि आई हसून हसून खाली बसली. संध्याकाळी बैल वैरणीला लागला होता. आईला त्यात घाण दिसलीच नव्हती कधी. एका दावणीच्या जनावरानं दुसऱ्याला द्यायची ती वस्तू होती.

मग तिनं विचारलं, कुणाचा देणार. मी नावं सांगायला लागले तर हातानं थांबवलं. म्हणाली, “गीताचा मिळला तर बघा. तिला दगड पचतो. आमी एका चुलीवर जेवलोत, एका गोठ्यात राबलोत.” याच बाईनं तुला पांढऱ्या पायाची म्हणून हाकललं. तू काढलेलं दूध उकिरड्यावर ओतलं, तुझा हात लागला म्हणून गाईच्या पाठीवर पाणी मारलं. दोन शेळ्या घेऊन तू पायी निघालीस, तेव्हा मी तिच्याशी भांडून वर्षभर बोलणं टाकलं होतं. तुझ्या अंगच्या वाऱ्याला भिणारी बाई आता तुझ्या पोटातलं पोटात घ्यायला तयार झाली. पुढं तिनंच भिंतीकडं तोंड केलं आणि म्हणाली, “पर ती कावून देईल?” त्यावर मॅडम माझ्याकडं बघायला लागल्या, आणि मी तांब्या भरायचं निमित्त करून बाहेर आले.

गीता, तुला फसवून बोलवावं असंही माझ्या मनात आलं होतं. शेळ्या पाळणाऱ्या बायकांची सरकारी तपासणी आहे म्हणायचं, काम उरकायचं, कुणाचं कुणाला गेलं ते कधी कळू द्यायचं नाही. मॅडमनी साफ नकार दिला, आणि आईच्या त्या प्रश्नानंतर माझीही छाती होत नाही. म्हणून खरं तेच मागते. अंबाजोगाईला ये. आधी तुझं रक्त आणि शी तपासतील, कारण जनावरांत राहणाऱ्याच्या पोटात चांगलं असतं तसं वाईटही असू शकतं. तसं निघालं तर माझं नशीब. नाही निघालं तर एका सकाळी डबा भरून द्यायचा, एवढंच. आईसमोर जाऊ नकोस, माझ्या घरी उतरू नकोस, तिला माफ करू नकोस. यातलं काहीच मी मागत नाही. तुला ताप आला तरी गोधडी घेऊन पडायचीस, गोळीला कधी शिवली नाहीस, त्या तुझ्या हट्टाकडं मागते. उशीर मात्र करू नकोस, तिनं कालपासून पेजही तोंडात घेतलेली नाही. तू नाही म्हणालीस तरी तुला दोष देणार नाही, असं शेवटी लिहायची रीत असते. तसं लिहिलं होतं, खोडून टाकलं. खोटं आहे ते. तू नाही म्हणालीस तर तुझंच बरोबर असेल, सगळं जग तुझ्या बाजूनं असेल, आणि तरी मी तुला दोष देईन, मरेपर्यंत देईन. माझी आई आहे ती. ये.

तुझीच,
मंगलअक्का