पहिली गोळी कोणाची

प्रिय तैस्तो,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे न फोडताच शेगडीत टाकलं नाहीस, असं मी धरून चालते. गेल्या नाताळात तुझी खुर्ची रिकामी होती. तुझ्या मेहुण्याने, राऊनोने, तिच्यावर आपला कोट टाकून ठेवला, आणि जेवताना त्या बाजूला एकदाही पाहिलं नाही. शिकारी क्लबशी बिनसलं म्हणून तू बहिणीचं घरही टाळशील, असं मला वाटलं नव्हतं. असो. इकडे यंदा दलदलीत पिवळी बोरं भरपूर आली, माझा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, आणि तुझ्या घराची पन्हळ पानांनी तुंबली होती ती मी साफ करून घेतली. योएन्सूला मुलाकडे तुला करमतंय की नाही, हे तू कळवणार नाहीस. तेव्हा करमत नसणार.

लहानपणी तू मला पोलीस म्हणायचास. आईच्या डब्यातला वेलचीचा पाव कोणी पळवला हे मी तुझ्या बोटांचा वास घेऊन ओळखायची. तो स्वभाव काही गेला नाही, आणि राऊनोने ती जर्मन रायफल घरी आणली त्या दिवसापासून तर त्याने मला स्वस्थ बसूच दिलं नाही. तूच विचार कर. मोजे तीनतीनदा रफू करणारा माणूस. वडिलांच्या जुन्या रायफलीवर आयुष्यभर शिकार केलेला. आणि एके दिवशी तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर अक्रोडी दस्त्याची, हातभर दुर्बिणीची ती वस्तू ठेवतो, आणि माझ्याकडे न बघता म्हणतो, "मरण्याआधी माणसाने एक तरी चांगली वस्तू वापरावी." मी विचारलं, "कोण मरतंय?" तर म्हणाला, "बोलायची पद्धत असते." राऊनोला बोलायची कुठलीच पद्धत नाही, हे तुला माहीत आहे.

शिकारीतली मूस हरणं सोलायच्या शेडमध्ये त्या रायफलीवरून तुमची जी जुंपायची, ती मला अजून ऐकू येते. सगळे सॉसेज भाजत बसलेले, आणि राऊनो दस्त्यावरून तेलाचं फडकं फिरवत सांगतोय, "हिचा चाप ओढावा लागत नाही, मनात आलं की सुटते." त्यावर तू, "मग तुझ्या मनात काय काय येतं, ते आधी हेल्वीला विचारायला हवं." तो तुझ्या रायफलीच्या प्लास्टिकच्या दस्त्यावर टिचकी मारून म्हणायचा की ही बादल्यांच्या कारखान्यात झालेली दिसते, आणि तू म्हणायचास, "बादली गळत नाही ना, मग झालं. मूसला काय कळतंय त्याला कोणत्या घराण्यातली गोळी लागली ते." हसण्यात हसणं व्हायचं. फक्त उर्हो हसायचा नाही. क्लबचा म्होरक्या पडला ना तो. कॉफी ढवळत म्हणायचा, "स्वस्त हत्यार ते स्वस्तच. थंडी पडली की कधी दगा देईल, नेम नाही." तेव्हा कोणी ते मनावर घेतलं नाही.

मला मात्र रायफलीपेक्षा ओउलूच्या फेऱ्या खुपत होत्या. दर महिन्या-दीड महिन्याने राऊनो ओउलूला जायचा. कशाला? दुर्बिणीचं काम आहे, दुकानदाराने बोलावलंय. मग गाडी दारात असताना बसने का? म्हणे पार्किंग महाग झालंय. परत यायचा तेव्हा काळा चष्मा लावलेला, डोळे लाल, आणि सरळ जाऊन झोपायचा. मी त्याचा कोट हुंगला, खिसे उलटे केले. बाई असेल असं वाटलं, हे तुला सांगायला मला लाज नाही. एकसष्टाव्या वर्षी त्याला कोण विचारणार, असंही वाटलं. मग वाटलं, पितो. मग वाटलं, कर्करोग आहे आणि सांगत नाही. त्या 'मरण्याआधी'चं मी काय काय करून ठेवलं होतं, काही विचारू नकोस. एकदा तो बसमधून उतरला तेव्हा मी स्टँडसमोरच्या दुकानात लपून पाहत होते. तो एकटाच उतरला, कठड्याला धरून पायाने पायरी चाचपली, आणि माझ्यासमोरून निघून गेला. मी काचेआड स्पष्ट दिसत होते. मला वाटलं, बघूनही न बघितल्यासारखं करतोय.

मग ऑक्टोबरमधला तो शनिवार. तो तुझ्या अंगावरून गेला, तुला काय सांगायचा, पण माझ्या बाजूने तो कसा होता ते तू कधी ऐकून घेतलं नाहीस. मी कुत्र्यामागे जंगलात होते. कुत्रा एका जागी उभा राहून भुंकायला लागला, मग भुंकणं दलदलीकडे सरकलं. राऊनो कडेच्या मचाणावर, तू पलीकडे बर्चच्या झाडीत, हे मला माहीत होतं. एक गोळी सुटली. एक श्वास घेण्याएवढा वेळ गेला आणि दुसरी. मी पोचले तेव्हा मूसची मादी पुढचा पाय लोंबकळत पाण्यातून पार गेली होती आणि तिचं वासरू काठावर घुटमळत होतं. वासरू असलेल्या आईवर गोळी. आपल्याकडे याहून खाली माणूस जात नाही. उर्होने हातातल्या रेडिओवर विचारलं, पहिली कोणाची? तू म्हणालास, "माझी दुसरी. ती आधीच लंगडत होती, तिला सोडवायला झाडली आणि हुकली." राऊनो म्हणाला, "दुसरी माझी."

दुसऱ्या दिवशी ती सापडेपर्यंत कोणी जेवलं नाही. वासरूही मारावं लागलं. आणि शेडमध्ये सगळे उभे असताना उर्होने तुझी रायफल हातात घेऊन तिचा दस्ता दाबून पाहिला, वाकतोय का म्हणून. "याच्यावर काय भरवसा ठेवायचा," म्हणाला. एवढंच पुरलं. एका बाजूला अक्रोडाचं लाकूड आणि जर्मन काच, दुसऱ्या बाजूला तुझी बादली. तू सांगत होतास की पहिल्या गोळीच्या वेळी तुझ्याजवळची फांदी तुटून पडली, तर कोणीतरी म्हणालं, वाऱ्याने पडली असेल. मी उर्होला तोंडावर सांगितलं, "तैस्तोला वासरू दिसलं असतं. तो असली गोळी झाडणारच नाही." तो म्हणाला, "बहीण आहेस, तू असंच बोलणार." आणि राऊनो बुटाच्या नाड्या बांधत बसला होता. बांधलेल्याच नाड्या. तिथून माझा संशय ओउलूहून निघाला आणि घरात येऊन बसला.

अख्खा हिवाळा मी त्याच्यावर नजर ठेवली. अपराधी माणूस कुठेतरी चुकतो, ते मला शोधायचं होतं. सापडायच्या त्या गोष्टी भलत्याच. तो कॉफी ओतायचा ती कपाच्या काठावरून बशीत जाईपर्यंत. पेपर मोठ्याने वाचून दाखवायची त्याची सवय सुटली. मी विचारलं तर म्हणाला, बातम्यांत राम राहिला नाही. दार उघडून आलेला माणूस बोलेपर्यंत राऊनो त्याला नाव घेऊन हाक मारायचा नाही. मी हे सगळं अपराधी मनाच्या खात्यात टाकत गेले. बर्फ वितळल्यावर मात्र मी एकटी दलदलीवर गेले आणि तू उभा होतास ती जागा शोधली. फांदी होती, तैस्तो. खाली पडलेली, तिचा खुंट छातीच्या उंचीवर, आणि खोडावर लाकूड फाडत गेलेला ओरखडा. मी तिथे पाठ टेकून उभी राहिले. समोर नाकाच्या रेषेत मचाण. तू केशरी कोट घातला होतास त्या दिवशी. तरीसुद्धा.

आता प्रश्न उरला रायफलीचा. त्या हत्याराचा परवाना माझ्याही नावावर आहे, म्हणून मी ती घेऊन एकटीच चांदमारीच्या मैदानावर गेले. दुर्बीण हलली असेल, एखादा स्क्रू सैल असेल, तर मला सुटका हवी होती. माणसापेक्षा लोखंडाला दोष देणं सोपं. पण काय सांगू तुला. मी आयुष्यात अशी रायफल चालवली नाही. चाप खरोखरच मनात आल्यावर सुटतो. काचेतून पाहिलं तर ढगाळ दुपारी लक्ष्यावरच्या कागदाची सुरकुती दिसली. सगळी भोकं एकमेकांना चिकटून, वाटीने झाकता येतील अशी. तुझी बादली या पल्ल्यावर एवढ्या जवळ मारत नाही, हे कबूल कर. महाग वस्तू महाग का असते, ते मला त्या दिवशी कळलं. आणि रायफल निर्दोष निघाली.

ऑगस्टमध्ये मी राऊनोला म्हटलं, चल, हंगामाआधी नेम जुळवून घेऊ. त्याने आधी पाठ दुखते म्हणून सांगितलं, मग पाऊस येईल म्हणून. मी गाडी सुरू करून दारात भोंगा वाजवत बसले, तेव्हा आला. मैदानावर दुसरं कोणी नव्हतं. मी लक्ष्याचा कागद घेऊन चौकटीपर्यंत चालत गेले, तिथे थोडा वेळ उभी राहिले, आणि कागद तसाच जॅकेटच्या आत गुंडाळलेला घेऊन परत आले. चौकट रिकामी. मागे फक्त मातीचा बांध. राऊनो टेबलाशी बसला, दस्ता गालाला लावला, बराच वेळ मान इकडे तिकडे हलवत काहीतरी शोधत राहिला. मग गोळी झाडली. पुन्हा झाडली. मी विचारलं, "कशी गेली?" तो म्हणाला, "मध्यावरच. जरा डावीकडे असेल."

मी तो कागद काढून त्याच्या मांडीवर ठेवला. त्याने आधी हाताने चाचपला, मग त्यावरून बोटं फिरवली. वरपासून खालपर्यंत, भोक शोधत. कागद गुळगुळीत होता. त्याला कळलं तेव्हा त्याने रायफलीचा बोल्ट उघडला, ती माझ्याकडे सरकवली, आणि म्हणाला, "कडेचं दिसतं मला. मधलंच दिसत नाही. ज्याच्याकडे बघतो तेच जातं." ओउलूला इस्पितळात त्याच्या डोळ्यात इंजेक्शनं देतात. आहे तेवढं टिकावं म्हणून, गेलेलं येत नाही. दुकानातल्या माणसाने सांगितलं होतं की या काचेतून अंधारातही उजेड दिसतो, आणि याने ते खरं मानून घेतलं. त्या शनिवारी त्याला एक काळा आकार सरकताना दिसला. वासरू दिसलं नाही. तू दिसला नाहीस. "फांदीचं तैस्तो बोलला तेव्हाच मला कळलं," म्हणाला, "आणि मी नाड्या बांधत बसलो."

मी त्याला फार बोलले. काय बोलले ते लिहीत नाही. नवरा गेला असता तर विधवा झाले असते, भाऊ गेला असता तर काय झाले असते, त्याला शब्द आहे का, असं काहीतरी. बंदुकीच्या कपाटाची किल्ली त्याने त्याच दिवशी माझ्या हातात दिली. उर्होकडे मी गेले नाही. तो स्वतः गेला, चालत, सगळं सांगून आला, आणि आल्यावर मला म्हणाला की उर्होला अजून खरं वाटत नाही. एवढी चांगली रायफल असताना, असं म्हणत होता. रविवारी क्लबची सभा आहे. तिथे सगळ्यांसमोर राऊनो उभा राहणार आहे. तू यावंस.

फोन का नाही केला, असं तुला वाटेल. राऊनोला फोन नको होता. तू ठेवून देशील, म्हणाला, आणि दिलास तर ते बरोबरच होईल. तुझ्या हातात कागद असावा, कोणालाही दाखवता येईल असा, असं त्याचं म्हणणं. तो स्वतः लिहायला बसला होता. दोन दुपारी मी त्याला टेबलाशी वाकलेला पाहत होते, आणि स्वभावच तसा, मागून जाऊन डोकावले. एका ओळीवर दुसरी, दुसरीवर तिसरी चढलेली. नुसतं काळं जाळं झालं होतं. त्यातला एकच शब्द मला लागला, तुझं नाव. म्हणून हे मी लिहिलं आहे. संशय, बस, स्टँड, सगळं माझ्या मनाने लिहिलं आणि मग त्याला मोठ्याने वाचून दाखवलं. मी दुकानात लपले होते ते ऐकून तो पहिल्यांदा हसला. बाकीच्यावर म्हणाला, "एकही शब्द कमी करू नकोस." खाली माझ्या सहीवर चढलेली जी वाकडी सही दिसेल, ती त्याची आहे. कुठे करायची ते मी बोट ठेवून दाखवणार होते, पण तो म्हणाला, नको, एवढं मी शोधतो.

तुझीच,
हेल्वी
(आणि राऊनो)